माठ बिघडला नव्हता

झाकण उचललं, माठ चांगला असल्याचं दिसलं, आणि माझी खात्री झाली की माझा नवरा मेला.

माठावर फूल आलं होतं. फूल म्हणजे निळीचा फेस. माठ जिवंत असला की तो मधोमध गोळा होऊन वर येतो आणि त्याच्याभोवती घासलेल्या तांब्यासारखी चकाकी पसरते. असं भरघोस फूल त्या वर्षी पहिल्यांदाच आलं होतं. एरवी मी गणूभावजींना हाक मारून दाखवलं असतं. त्या दिवशी मी झाकण परत ठेवलं, कारण उघडा राहिला की माठ बिघडतो, आणि शेजारच्या धुण्याच्या दगडावर बसले. पुढच्या दारात पुट्टम्मा उभी होती, तिच्याबरोबर गल्लीतल्या दोन बायका. पुट्टम्माच्या हातात शेवंतीचे हार होते. ती फुलं विकते, त्यामुळे अशा वेळी तिला वेगळी तयारी करावी लागत नाही.

नवरा मेला की जगला हे माठात बघणारी बाई वाचणाऱ्याला वेडी वाटेल. पण आमच्या घरात तो हिशोब सरळ होता. तो आधी सांगते.

आम्ही रंगारी. आमची माणसं म्हैसूरला कधी आली, कुणी आणली, हे प्रत्येक म्हातारा वेगळं सांगायचा. एवढं खरं की मंडी मोहल्ल्यामागच्या आमच्या गल्लीत एके काळी घरोघरी मागच्या अंगणात निळीचे माठ गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले असत. पुढे रंगाच्या पुड्या आल्या आणि माठ बुजवले गेले. पुरुष मेटगळ्ळीच्या कारखान्यांत लागले, कुणी शिंपी झालं, कुणी रिक्षा घेतली. माझा नवरा फिटर झाला. त्यांना घरीदारी सगळे अण्णा म्हणतात, मीही अण्णाच म्हणते. त्यांचा धाकटा भाऊ गणपत, आमचे गणूभावजी, लग्न न करता आमच्यातच राहिले. त्यांनी हट्टाने एक माठ तेवढा ठेवला.

गणपती गेले की भावजी टाकळ्याचं बी उकडायचे, त्यात चुना, गूळ आणि नीळ घालून माठ उठवायचे. त्यातून नवरात्रात देवीच्या मागे लावायचा निळा पडदा रंगायचा. आणि आयुधपूजेला, कारखान्यात यंत्रांना घालतात तसा, आम्ही माठाला हार घालायचो. त्या दिवशी माठावर फूल असलंच पाहिजे. मेलेल्या माठाची पूजा होत नाही.

निळीचा माठ लहरी असतो. गारठा पडला, पाणी बदललं, चुना जास्त झाला की तो बिघडतो. फूल विरतं, पाणी राखेच्या रंगाचं होतं. चांगल्या माठाचा वासही काही अत्तराचा नसतो, पण बिघडलेल्याचा घशात बसतो. अशा वेळी रंगारी एक उपाय करतात. गावात एक खोटी बातमी सोडतात. बातमी मोठी हवी आणि लोकांनी ती खरी मानायला हवी. जितक्या तोंडांतून ती फिरेल तितकी माठाला ऊब लागते आणि तो परत उठतो. लग्न होऊन आले तेव्हा मी सासूबाईंना विचारलं होतं, हे असं का. त्या म्हणाल्या, "तुझ्या माहेरी लोणी कढवताना बोलत नाहीत, ते का?" मी परत विचारलं नाही.

त्यामुळे आमच्या गल्लीत कुणी काही अचाट सांगितलं की ऐकणारा आधी विचारायचा, "कुणाचा माठ बिघडला?"

गणूभावजींचं रंगकाम बरं होतं. खोटं बोलणं अव्वल होतं. एकदा त्यांनी सांगितलं की दसऱ्याच्या सरावाचा हत्ती बन्नीमंटपाला पोचला आणि तिथे बसला तो उठायलाच तयार नाही, माहूत रडतोय. अर्धी गल्ली चालत गेली. माझी धाकटी नणंद तर हत्तीसाठी गूळ घेऊन गेली. एका वर्षी त्यांनी सांगितलं की कावेरीचं पाणी महिनाभर बंद. बायकांनी घरातलं सगळं भरून ठेवलं, बादल्या, पातेली, पाळणा सोडून सगळं. मला पाण्याने भरलेल्या घरात आठवडाभर पाय टाकायला जागा नव्हती. माठ मात्र उठला. माठ दरवेळी उठायचा. न उठलेला कुणाच्या लक्षात राहिला नसेल, असं आता वाटतं.

नवरात्र आलं की लोकांना राजवाड्याचे दिवे आठवतात. मला वास आठवतात. परतीच्या पावसात भिजून वाळलेल्या गोणपाटाचा. घरोघरी बाहुल्या मांडतात त्या पायऱ्यांवर अंथरलेल्या, ट्रंकेतून काढलेल्या चादरींचा, डांबराच्या गोळ्यांचा. हरभऱ्याच्या उसळीवर पडलेल्या खोबऱ्याचा. सकाळी हत्ती सरावाला जातात, त्यांच्या मागे रस्त्यावर राहतं त्याचा. आणि या सगळ्याच्या खाली, आमच्या अंगणातून येणारा निळीचा. पाहुणे नाकाला पदर लावायचे. माझी मुलं त्या वासात झोपायची. मुलगा सुधीर म्हणतो, तो वास आला की त्याला शाळेला सुट्टी लागल्यासारखं वाटतं. यंदा गणपती गेले, अंगणात टाकळ्याचं बी शिजायला लागलं आणि तो वास परत आला, म्हणून हे लिहायला बसले. नाहीतर मला लिहायची सवय नाही.

सुधीरने बायको केली ती नाशिकची. मृणाल. रसायन शिकलेली, मेटगळ्ळीला एका कारखान्यात पाणी तपासायच्या कामावर. दोघं बोगादीला फ्लॅटमध्ये राहतात. ती आली तेव्हा आमचं मराठी ऐकून गोंधळायची. मी "मगा, चहा कुडीतेस का?", म्हणजे पोरी, चहा पितेस का, असं विचारलं तर हसायची. मग शिकली. निळीच्या माठावर तिचा जीव बसला. अंगणात उकिडवी बसून भावजींना विचारायची, हे कशाने, ते कशाने. भावजींना एवढं कुणी कधी विचारलं नव्हतं. ते खूश.

माठाला खोटी बातमी लागते हे कळलं तेव्हा ती जराही हसली नाही. म्हणाली, "काका, हे तपासून बघता येईल."

"कसं?"

"दोन माठ करू. पाणी तेच, नीळ तीच, जागा तीच. दोन्ही मुद्दाम बिघडवू. मग एकासाठी तुम्ही खोटं सांगा, दुसऱ्यासाठी नको. कुठला उठतो ते बघू."

भावजी विचारात पडले. "शेजारी शेजारी पुरलेले माठ. खोटं एकासाठी सांगायचं आणि दुसऱ्याने कान बंद करायचे का?"

"मग दुसरा आमच्या बाल्कनीत ठेवते."

"तिथे ऊन वेगळं," मी म्हटलं.

"हो, ते आहे," ती म्हणाली. तिचं मला हे आवडतं. दुसऱ्याचं बरोबर असलं की ती लगेच मान्य करते, चेहरा न पाडता.

शेवटी दोन्ही माठ अंगणातच ठेवले. भावजींनी देवीसमोर उभं राहून सांगायचं ठरलं, की आजची बातमी डाव्या माठासाठी आहे. इथवर ठीक होतं. पण अण्णांनी सकाळी हॉटेलात कॉफी पिताना सगळ्यांना सांगून टाकलं की आमच्याकडे सूनबाईंची परीक्षा चालली आहे. भावजी बाजारात जाऊन म्हणाले, चामुंडीच्या पायथ्याशी बिबट्या आलाय, तर फळवाला म्हणाला, "हां हां. डावा की उजवा?"

भावजी पडलेल्या चेहऱ्याने घरी आले. सांगून खोटं बोलता येत नाही, म्हणाले. नैवेद्य चाखून बघण्यासारखं आहे हे.

पुढे ऊन चांगलं पडलं आणि दोन्ही माठ उठले.

"बघा, माझं बरोबर," भावजी म्हणाले. "खोटं सांडलं. दोघांना पोचलं."

"दोन्ही मेले असते तर?" मृणालने विचारलं.

"तर कुणी विश्वास ठेवला नाही म्हणून मेले असते."

"आणि फक्त उजवा उठला असता?"

भावजींनी बशीतली कॉफी संपवली. "तर मी देवीला डावं-उजवं सांगताना चुकलो असणार. ती माझ्यासमोर तोंड करून बसते ना."

अण्णा खुर्चीतून म्हणाले, "मृणाल, तू दमशील. याला शाळेतसुद्धा कुणी चूक पटवून देऊ शकलं नाही. शेवटी मास्तर बदली करून गेले."

मृणाल खूप हसली. मग म्हणाली, "काका, ज्यात हरायची सोयच ठेवलेली नाही, ते तपासता येत नाही. एवढंच."

"मग देवाचंही तसंच की."

"तसंच."

"आणि लग्नाआधी तुमच्या घरच्यांनी सुधीरची पत्रिका मागितली होती, ती?"

"ती माझ्या आईने. तिला मी कध्धीच हरवू शकले नाही, ते विचारू नका."

तिचं ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. मी चौथीपर्यंत शिकले, पण तपासणं मला कळतं. भात शिजला का हे मी एक शीत दाबून बघते. पातेलंभर भात कुणी दाबत नाही. पण शीत कच्चं निघालं तर भात कच्चा आहे हे मी मानते. शीतच खोटं बोलतंय असं म्हणत नाही. भावजी तसं म्हणायचे. आणि तरी घरात सगळ्यांत गोड माणूस कोण म्हणाल तर तेच.

मग ते नवरात्र आलं.

पावसाळ्यात अण्णांना जिना चढताना छातीत दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या नळ्या बंद होत आल्यात, छाती उघडून ऑपरेशन करावं लागेल, लांबवू नका. तारीख मिळाली ती नवरात्रातली. गल्लीत जो तो सांगायला लागला, दसरा होऊ द्या. अण्णा म्हणाले, "छातीला पंचांग वाचता येत नाही." ते फिटर होते. यंत्र बंद पडलं तर खोलतात, यात त्यांना काही विशेष वाटलं नाही. निदान तसं दाखवलं. घरात घालायच्या चपला ते नेहमी सरळ लावून ठेवतात. त्या दिवशी जाताना उलट्या राहिल्या. मी त्या सरळ केल्या.

सुधीर आणि मृणाल बरोबर गेले. मी घरी राहिले, कारण घट बसले होते आणि दिव्यापाशी कुणीतरी असावं लागतं. "तू तिथे बसून काय करणार? डॉक्टरला शिकवशील," अण्णा म्हणाले. भावजी सकाळीच चुना आणायला म्हणून सायकल घेऊन बाहेर पडले. मला वाटलं, ह्यांना घरात बसवत नाही. मलाही बसवत नव्हतं, पण मला सायकल येत नाही.

ऊन वर आलं होतं तेव्हा पुट्टम्मा आली. दारातच थांबली. "अय्यो अम्मा," म्हणाली, "अण्णा गेले म्हणतात. निजाना?" निजाना, म्हणजे खरं का, हे तिनेच मला विचारलं.

"कोण म्हणतं?"

"मार्केटात सगळे म्हणतात."

"पहिल्यांदा कोण म्हणालं?"

"ते कुणाला माहीत, अम्मा?"

मी सुधीरला फोन लावला. लागला नाही. मृणालचाही लागला नाही. नंतर कळलं की ज्या खोलीत त्यांना बसवलं होतं ती तळघरात होती, तिथे फोन पोचत नाही. पण मला तेव्हा एवढंच कळत होतं की दोघांचेही फोन बंद आहेत. एकाच वेळी दोघांचे फोन का बंद असतील?

तरी मी लगेच मानलं नाही. ह्या घरात इतकी वर्षं काढली होती. मला वाटलं, थांब. रात्रीतून माठ बिघडला असेल. भावजींनी सकाळी बघितला असेल आणि बाजारात जाऊन सोडली असेल बातमी. भाऊ ऑपरेशनला गेलाय, लोक पटकन मानतील, त्यांच्या डोक्यात आलं असेल. असली बातमी कुणी सोडतं का? भावजी सोडतील. तर मग माठ बघावा. बिघडलेला असेल तर अण्णा जिवंत आहेत. मी देवीपुढून उठून मागे गेले तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मनात होतं की माठ मेलेला असू दे. पाणी राखेसारखं असू दे, घशात वास बसू दे.

माठावर फूल होतं. ते मी सुरुवातीला सांगितलं.

मी रडले नाही. रडायचं असतं तर नंतर भरपूर वेळ होता. मी उठून पुढच्या खोलीत आले आणि जागा करायला लागले. खाट भिंतीला लावली. खुर्च्या बाहेर काढल्या. अण्णांना आणतील तर बाहुल्यांच्या पायऱ्यांना धक्का लागू नये एवढी वाट हवी होती. त्यांचं पांढरं धोतर कुठल्या ट्रंकेत आहे ते मला माहीत होतं. त्यांना ते कधीच माहीत नसतं. लग्नकार्याला निघताना दरवेळी विचारतात. धोतर काढून खाटेवर ठेवलं आणि मनात आलं, आज विचारलं नाही.

"कूत्कोळ्ळी अम्मा, बसा," पुट्टम्मा म्हणत होती. मी बसले नाही. दिव्यात तेल कमी झालं होतं, ते घातलं. एका बाईने हळूच सांगितलं की आता सुतक, देवीचं काही करू नये. मी म्हटलं, कुणाचं सुतक कुणाला लागतं ते देवीने बघावं, तेल मी घालते.

मी खुर्ची ओढत होते तेव्हा भावजी आले. सायकलला चुन्याची पिशवी लटकत होती. दारातल्या बायका बघून थबकले.

"वहिनी, काय करताय?"

"जागा करतेय."

"कशाला?"

"तुमच्या भावाला ठेवायला."

त्यांनी सायकल भिंतीला टेकवली. मग बायकांकडे बघितलं, मला खुणेने आत बोलावलं आणि स्वयंपाकघरात येऊन कुजबुजले, "वहिनी, खोटं आहे ते. मी सोडलंय."

"माठ तर चांगला आहे."

"माठासाठी नव्हतं."

"मग?"

भावजी चुन्याने पांढरे झालेले हात बघत राहिले. "जिवंत माणूस मेल्याची बातमी फिरली की त्याचं आयुष्य वाढतं. सगळे म्हणतात. मला दुसरं काय करता येत होतं? मला हेच येतं."

हे सगळे म्हणतात, ते खरं आहे. मीही म्हणते, कुणाची तशी बातमी आली आणि खोटी निघाली की. पण ती आपोआप उठते तेव्हा. मुद्दाम उठवणारा माणूस मी एकच पाहिला.

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"मला वाटलं तुम्ही ओळखाल. म्हणाल, माठ बिघडला असेल."

"म्हणून तर मी माठ बघितला."

"कशाला बघितलात?"

"तपासून बघितलं," मी म्हटलं.

आता त्याचा विचार करते तेव्हा वाटतं, माझं तपासणं चुकीचं नव्हतं. मी बरोबर झाकण उचललं, बरोबर बघितलं, जे दिसलं ते मानलं. फक्त बिघाड माठात शोधला. तो भावजींच्या जिवात होता, आणि त्याला झाकण नाही.

मला वाटलं, संपलं. बाहेर जाऊन बायकांना सांगावं आणि खाट परत ओढावी. पण भावजी हलले नाहीत. "वहिनी," म्हणाले, "तुमचा फोन लागला का?"

"नाही."

"मलाही लागत नाही." त्यांचा आवाज बदलला. "वाटेत जो तो खांद्यावर हात ठेवत होता. फळवाला रडला. मी नाही म्हणू शकत नव्हतो. गल्लीशी आलो तोवर मलाच वाटायला लागलं की खरं असेल. मी काही बोललो आणि तसंच झालं तर?"

खोटं बोलणाऱ्याला स्वतःचं खोटं खरं वाटताना मी पहिल्यांदा बघितलं. मी त्यांना पाणी दिलं. म्हटलं, "चला, बाहेर जाऊन सांगू, अजून काही कळलेलं नाही."

त्यांनी माझा हात धरला. दिराने वहिनीचा हात धरायची आमच्यात पद्धत नाही. "फोन येईपर्यंत नको. आत्ता मोडलं तर जोर जाईल. तिकडे छाती उघडी असेल अजून."

मी भावजींच्या माठाच्या गोष्टींवर कधी विश्वास ठेवला नव्हता. पाण्याने भरलेल्या घरात चालून चालून माझा विश्वास उडाला होता. तरी मी बाहेर गेले, खाटेच्या कडेला बसले आणि गप्प राहिले. बायका येत होत्या, माझ्या पाठीवर हात फिरवत होत्या. मी खाली बघत होते. माझ्या नवऱ्याच्या मरणाची खोटी बातमी मी माझ्या गप्प राहण्याने चालू ठेवली. मृणालने नंतर मला विचारलं, "आई, तुम्हाला खरंच वाटत होतं की त्याने काही होईल?" नव्हतं वाटत. पण हरायची सोय मी कुठे ठेवणार होते? दोन माठ असते तर ठेवली असती. एक बिघडला असता तर दुसऱ्यावर काम भागलं असतं. आपलं एकच माणूस टेबलावर असलं की कुणी परीक्षा घेत नाही. जे असेल ते सगळं घालतो. डॉक्टर घालतो, तेल घालतो, खोटंही घालतो.

फोन आला तेव्हा भावजींनी उचलला नाही. माझ्याकडे सरकवला.

"आई, झालं ऑपरेशन," सुधीर म्हणाला. "बाबा ठीक आहेत. अजून शुद्धीवर नाहीत, पण ठीक आहेत. आई? अगं आपल्या गल्लीतला एक माणूस इथे येऊन माझ्या गळ्यात पडून रडतोय, त्याला काय झालंय?"

मी म्हटलं, "तुझ्या काकाला विचार," आणि फोन ठेवला. मग बायकांना सांगितलं, अण्णा ठीक आहेत. ऑपरेशन झालं.

पुट्टम्माने माझ्याकडे बघितलं, खाटेवरच्या धोतराकडे बघितलं, मग भावजींकडे. सगळं समजायला तिला जेवढा वेळ लागला तेवढा ती उभी राहिली, आणि मग हातातल्या हाराने भावजींना पाठीत हाणलं. शेवंतीच्या पाकळ्या खोलीभर झाल्या. भावजी मार खात होते आणि रडत होते, आणि पुट्टम्माही. त्यानंतर मी भात टाकला. माणसं खूप होती.

अण्णांना खोलीत आणल्यावर आम्ही सगळे भेटायला गेलो. भावजी अंग चोरून उभे होते. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना हसायला बंदी होती, टाके दुखत.

"हार कसले होते?" त्यांनी विचारलं.

"शेवंतीचे," मी म्हटलं.

"मोगरा नाही? एवढी वर्षं तिच्याकडून फुलं घेतली."

भावजी म्हणाले, "अण्णा, पण लागू पडलं की नाही?"

"काका, डॉक्टर सकाळपासून उभे होते," मृणाल म्हणाली, "तेही लागू पडलं असेल थोडं." मग तिने हळूच सांगितलं की तो रडणारा माणूस तिथे आला तेव्हा तिला लगेच कळलं होतं, ही काकांची बातमी. तरी आत जाऊन विचारायला तिचे पाय उठले नव्हते. सुधीर गेला विचारायला. ती खुर्चीत बसून राहिली.

"तपासायचं होतंस," मी म्हटलं.

"नाही तपासलं," ती म्हणाली.

नक्की कशाने वाचले हे शोधायचं तर दुसरे अण्णा लागतील. तसेच, तेवढेच आजारी, त्यांनाही तेच डॉक्टर, फक्त त्यांची बातमी उठवायची नाही. मी मृणालला तेच सांगितलं. वर म्हटलं की दुसरे अण्णा असते तरी मी त्यांना घरात घेतलं नसतं, एकच मला पुरून उरतात. टाके असूनही अण्णा हसले आणि नर्स आम्हाला ओरडली.

भावजी गेल्या श्रावणात झोपेत गेले. सकाळी मी कॉफी घेऊन गेले तर उठेनात. बाहेर जाऊन पुट्टम्माला सांगितलं, तर तिने माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं आणि विचारलं, "माठ?" मी म्हटलं, श्रावणात माठ कुठे असतो. तेव्हा ती टोपली तिथेच ठेवून धावत आली. बाकीच्या गल्लीला पटायला दुपार झाली. भावजींना ते आवडलं असतं.

यंदाचा माठ मृणालने उठवला. पण मध्ये सलग चार सरी पडल्या, गारठा आला आणि माठ बिघडला. ती संध्याकाळी कामावरून आली, झाकण उघडून बघितलं आणि परत ठेवलं. मग मला म्हणाली, "आई, तुम्ही काहीतरी खोटं सांगून या ना."

"तू म्हणतेस हे?"

"मीच म्हणतेय."

मला खोटं जमत नाही. तरी गेले. पुट्टम्माला म्हटलं, आज अण्णांनी सांबार केलं. तिने देठ खुडणं थांबवलंसुद्धा नाही. "सुळ्ळु," म्हणाली. खोटं. मी परत आले तर मृणाल माठाभोवती गोणपाट गुंडाळून आत गरम पाण्याच्या बाटल्या सोडत होती. माठ उठला. कशाने, ते आम्ही दोघींनी एकमेकींना विचारलं नाही.

त्या नवरात्रात घरात आम्ही तिघं होतो, अण्णा, गणूभावजी आणि मी. तिघंही त्यातून पार पडलो. आता अण्णा आहेत आणि मी आहे.